नवरदेवाच्या मापाचं पायलट जॅकेट: सातारा ते पनवेल

पनवेलला जायचं ठरलं ते एका जॅकेटसाठी. होणाऱ्या जावयाला लग्नात सूट नको होता. त्याला चामड्याचं पायलट जॅकेट हवं होतं, लढाऊ विमानातले वैमानिक घालतात तसं, खांद्यावर पट्ट्या आणि कॉलरला बटणं असलेलं. जावई विमान चालवत नव्हता. टोरंटोत एका विमा कंपनीच्या संगणक विभागात बसत होता. पण नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्या ओळखीतल्या निम्म्या मुलांना पायलट जॅकेट हवं होतं. ते भर मे महिन्यात अंगात घालून लूना चालवणारे तरुण मी साताऱ्यात पाहिले आहेत.

वराचा पोशाख वधूपक्षाने करायचा अशी रीत आहे. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि रीतींवर वाद घालण्यात वेळ घालवत नसे. वाद घालायचा तर वस्तूच्या दर्जावर घालावा. विहीणबाई नवीन पनवेलला राहत. त्यांनी फोनवर सांगितलं की पनवेलच्या जुन्या बाजारात एक व्यापारी आहेत, त्यांच्याकडे न्हावा-शेवा बंदरातून परत आलेला परदेशी मापाचा माल असतो, आणि मुंबईच्या निम्म्या भावात मिळतो. दिवसही त्यांनीच पंचांग पाहून काढला.

आमची वृंदा बँकेत होती. परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी. प्रसन्न, म्हणजे नवरामुलगा, डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येणार, लग्न करणार आणि तिला घेऊन जाणार. त्यासाठी तिने ऑक्टोबर संपायच्या आत राजीनामा देणं भाग होतं. एकदा दिला की ती खुर्ची परत मिळणार नव्हती. प्रसन्नला आम्ही कुणीच पाहिलेलं नव्हतं. काही फोटो, रविवारचे फोन आणि मध्यस्थाने दिलेली माहिती एवढ्यावर बैठक झाली होती. तेव्हा परदेशातली स्थळं अशीच जमत. माहितीत लिहिलं होतं, उंची पाच फूट नऊ इंच, बांधा मध्यम. वृंदाच्या माहितीत पाच फूट पाच आणि चष्म्याचा नंबर होता. नंबर मध्यस्थाने खोडायला सांगितला होता, तो वृंदाने खोडू दिला नाही.

आता जावई टोरंटोत आणि जॅकेट पनवेलला, तर माप कुणाचं घ्यायचं? आपल्याकडे यावर ठरलेला उपाय आहे. बाहेरगावच्या माणसाचे कपडे घ्यायचे झाले की त्याच्या अंगकाठीचा दुसरा माणूस दुकानात उभा करतात. माझा धाकटा भाऊ सदानंद बरोबर पाच फूट नऊ इंच आहे. मुलीचा मामा म्हणून त्याला या लग्नात मान होताच, आता कामही मिळालं.

"म्हणजे मी फक्त उभा राहायचं?" सदाने विचारलं.

"आणि बोलायचं नाही," मी म्हटलं. यातलं पहिलं त्याला जमलं.

वृंदा, सदा आणि मी, तिघांनी साताऱ्याहून सकाळची मुंबई एसटी धरली. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता. पुण्याला अर्धा तास थांबा, मग लोणावळा, मग जुना बोरघाट. तुम्ही त्या जुन्या रस्त्याने कधी गेलात तर उजवीकडची खिडकी धरा आणि घाटाआधी पोटभर खाऊ नका. सदाने लोणावळ्याला दोन वडापाव आणि वर उसाचा रस घेतला. खोपोली येईपर्यंत तो डोळे मिटून बसला होता, तेवढाच प्रवास शांततेत झाला. बसस्थानकावरच्या स्वच्छतागृहांबद्दल मी लिहिणार नाही. बायकांनी पुण्यालाच उरकून घ्यावं, एवढं पुरे.

पळस्पे फाट्यावर कंडक्टरने "फाटा, फाटा" म्हणताच सदा जागा झाला आणि बॅगा घेऊन उतरला. आम्हाला मागोमाग उतरावं लागलं. बस गेली. रस्त्याच्या कडेला काकड्यांची पाटी घेऊन एक बाई बसली होती. तिला विचारलं, पनवेलचा बाजार कुठे.

"पनवेल हितं नाय. फुडं हाय," ती म्हणाली. "तुमी आदीच उतरलाव. ह्यो गोव्याचा रस्ता. गोव्याला जायाचंय काय?"

"जॅकेट घ्यायला आलोय," सदा म्हणाला.

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग वर उन्हाकडे पाहिलं आणि त्याच्या हातात एक काकडी ठेवली. पैसे घेतले, पण काकडी चांगली होती. तिथून टमटम मिळतात. माणसं भरेपर्यंत हलत नाहीत.

नवीन पनवेलच्या सेक्टरमध्ये सगळ्या इमारती एकसारख्या. नंबर नीट लिहून घेतल्याशिवाय जाऊ नका. सदाने एका अनोळखी घराची घंटी वाजवून "विहीणबाई, आलो" म्हटलं. आत एक गृहस्थ बनियनवर बसले होते. त्यांनी न उठता समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं, त्यावरून हे रोजचंच असावं.

शालिनीताई, म्हणजे आमच्या विहीणबाई, प्रेमळ होत्या. यजमान जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, घर आरशासारखं स्वच्छ, आणि बोलण्यात प्रसन्नशिवाय दुसरा विषय नाही. जेवण उत्तम होतं, भरली वांगी आणि कोथिंबिरीच्या वड्या. जेवणानंतर फोटो निघाले. प्रसन्न मोटारीत बसलेला. प्रसन्न सोफ्यावर. प्रसन्न धबधब्यापाशी एका खडकावर चढलेला आणि मित्र खाली. प्रसन्न जिन्यात. चेहरा हसरा होता. मी कपाळ आणि दात पाहिले, दोन्ही बरे वाटले. वृंदा मात्र एकेक फोटो उलटसुलट करून पाहत होती. शालिनीताई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघा, सोडवत नाहीत तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. ऑक्टोबरचं पनवेल म्हणजे उकडलेल्या बटाट्यात बसल्यासारखं. हनीफभाईंचं दुकान अरुंद होतं, पण खोलवर गेलेलं, आणि आत शिरताच चामड्याचा वास. हा वास आला पाहिजे. रॉकेलसारखा किंवा नव्या पायपोसासारखा वास आला तर पुढे बघूच नका, ते रेक्झिन असतं.

हनीफभाई आखातात काही वर्षं काढून आलेले, पांढरी दाढी, शर्ट कडक इस्त्रीचा. "या ताई, तशरीफ ठेवा. पोरा, चार चहा सांग. जावयाला ना? मुबारक. हा माल जर्मनीचा आहे. जहाजावर चढायच्या आधी परत आला."

"का आला?" मी विचारलं.

"नसीब."

"नसीब कुठे आहे ते दाखवा."

मग त्यांनी दाखवलं. एका जॅकेटच्या उजव्या खिशाचं झाकण डाव्यापेक्षा बोटभर वर होतं. दुसऱ्याच्या दोन बाह्या दोन रंगांच्या, एक तपकिरी आणि एक चॉकलेटी. तिसऱ्यात दोष सापडेना, तेव्हा मी जास्तच सावध झाले. वसतिगृहासाठी दरवर्षी शे-दीडशे बुटांचे जोड घेतल्यामुळे चामड्याला फसायची माझी सवय गेली होती. अंगठा दाबा. खरं चामडं अंगठ्याभोवती बारीक सुरकुततं, रेक्झिन नुसतं खड्डा पाडतं. शिवणीच्या आतली कापलेली कड पाहा, तिथे कापडाचा धागा दिसता कामा नये. मेंढीचं चामडं लोण्यासारखं मऊ लागतं, पण खुर्चीच्या खिळ्यालाही फाटतं. बकऱ्याचं दाणेदार असतं आणि पुष्कळ वर्षं टिकतं. चेन पितळेची हवी. ती चार वेळा वरखाली करा, दुकानदार नाराज झाला तरी. शेवटी एक बकऱ्याच्या चामड्याचं, गडद तपकिरी, खिशांना समान न्याय दिलेलं जॅकेट मिळालं. परत का आलं असेल, तर अस्तरावर शाईचा एक डाग होता. तो मला चालणार होता.

आता माप. लेबलवर पन्नास लिहिलेलं होतं.

"पन्नास?" सदा म्हणाला. "मी काय हत्ती आहे?"

"जर्मनीचा पन्नास म्हणजे आपला चाळीस, मामा," हनीफभाई म्हणाले. "घाला तर खरं."

पायलट जॅकेट घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ते बसून विमान चालवणाऱ्या माणसासाठी बेतलेलं असतं, म्हणून आखूड असतं. खालची विणलेली पट्टी पँटच्या पट्ट्यावर येऊन थांबली पाहिजे, मनगटाची पट्टी मनगटाच्या हाडावर. चेन लावून दोन्ही हात मोटारीचं चाक धरल्यासारखे पुढे करायचे. पाठीत ओढलं नाही आणि बाही वर पळाली नाही तर माप बरोबर. आपल्याकडे मात्र प्रत्येक कपडा वाढत्या अंगाचा घेतात, घालणारा तीस वर्षांचा असला तरी. त्यामुळे रस्त्यावर दिसणारी निम्मी पायलट जॅकेटं रेनकोट वाटतात.

सदाला ते असं बसलं की मला क्षणभर तो ओळखू आला नाही. हात पुढे करून त्याने तोंडाने विमानाचा आवाज काढला. वृंदा हसली. मी म्हटलं, "झालं. हेच बांधा."

शालिनीताई पुढे झाल्या. "बाह्या लांब वाटतात."

"मनगटावर आहेत," मी म्हटलं.

"ह्यांच्या मनगटावर. प्रसन्नला दुमडाव्या लागतात नेहमी." त्यांनी सदाची बाही चांगली चार बोटं वर सरकवली. "इथपर्यंत. आणि छातीला घट्ट आहे. आता जरा भरलाय तो तिकडे."

हनीफभाईंनी चव्वेचाळीस काढला. सदा त्यात हरवला. शालिनीताईंनी जॅकेट पोटाशी चिमटीत धरलं. "इथे भरेल. एक टॉवेल आहे का हो?"

गल्ल्यामागून टॉवेल आला. सदाच्या पोटावर गुंडाळून वरून चेन लावली. पनवेलच्या त्या हवेत चामडं आणि आत टॉवेल. सदाच्या कानांमागून घाम ओघळायला लागला.

"अजून एक," शालिनीताई म्हणाल्या.

दुसरा टॉवेल वृंदाने पुढे केला. ती आता हसत नव्हती. शांतपणे बघत होती, बँकेत कुणाची सही जुळवून पाहावी तसं.

"ताई, छाती चव्वेचाळीसची आणि हात छत्तीसचा," हनीफभाई म्हणाले, "असा एक माणूस होत नाय. हे दोन जण आहेत."

"तुम्ही लांबी बघा ना," शालिनीताई आपल्याच नादात होत्या. मुलाच्या अंगावर जॅकेट नीट बसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. "ह्यांना हे कमरेवरच राहिलंय. प्रसन्नला खाली येईल, चांगलं झाकलं जाईल. सदाभाऊ, जरा गुडघे वाकवता?"

सदाने वाकवले.

"अजून. अजून थोडे. हां, बस्स. अस्सा."

सदा तसा थांबला. पोटावर दोन टॉवेल, बाह्या वर ओढलेल्या, गुडघे वाकलेले. त्याच्या समोर वृंदा उभी होती आणि त्याचं टक्कल तिच्या कपाळापर्यंत आलं होतं. चहावाला पोऱ्या कप घ्यायला आला होता, तोही थांबला.

"ताई, पाय भरून आले," सदा म्हणाला.

"उभा राहा," मी म्हटलं.

शालिनीताईंना आपण काय केलं ते तेव्हा कळलं. त्यांनी पदराने गळ्याचा घाम पुसला. "माहिती ह्यांनी लिहिली होती, गेले ते. एक-दोन इंच सगळेच घालतात हो."

"एक-दोन?" मी विचारलं.

वृंदा म्हणाली, "काकू, तुम्हाला मी काही विचारत नाही. मी फक्त त्यांनाच विचारते. नंबर द्या."

शेजारीच पिवळ्या पाटीचं फोनचं बूथ होतं. शालिनीताई म्हणाल्या, तिकडे आत्ता रात्र आहे, झोपला असेल. वृंदा म्हणाली, मग घरीच असतील. काचेच्या दारामागे ती उभी होती, आम्ही बाहेर. बोलणं अगदी थोडं झालं. मला वाटलं होतं ती भांडेल किंवा रडेल, पण तिने बाजारात भाव विचारावा तसा एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि फोन ठेवला. झोपेतून उठवलेला माणूस सहसा खरं बोलतो, हा माझा वसतिगृहातला अनुभव होता. तो त्या दिवशी खोटा ठरला.

"पाच नऊ म्हणाले," वृंदा दुकानात येऊन म्हणाली. "जॅकेटसाठी हवंय असं सांगितलं, तरी पाच नऊच. मामा, टॉवेल काढ. चाळीसचं घाल. हनीफभाई, हेच बांधा. ते सांगतात त्या मापाचं."

सदा पुन्हा सरळ उभा राहिला आणि जॅकेट पुन्हा सुंदर बसलं. हनीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी शालिनीताईंकडे.

"तो म्हणतो तर असेल," शालिनीताई हळूच म्हणाल्या. "तिकडे गेल्यावर वाढला असेल."

"काकू, ते एकतीस वर्षांचे आहेत."

"हवा चांगली असते तिथली."

हनीफभाईंनी कागद पसरला, जॅकेटची घडी घातली आणि दोरा हातात घेतला. तेवढ्यात शालिनीताईंनी जॅकेटच्या बाहीवर हात ठेवला. त्या लांब बाहीवर त्यांची बोटं फिरत होती. खोट्या उंचीला त्या हो म्हणू शकल्या असत्या, पण मुलाला न होणारं जॅकेट त्यांना बांधून घेववेना. "आज नको," त्या म्हणाल्या. "उद्या अमावास्या आहे."

"दिवस तुम्हीच काढला होता," मी म्हटलं.

"हो ना. चुकलंच माझं."

हनीफभाईंनी घडी उलगडली आणि जॅकेट खुंटीला लावलं. मी खरेदी झाली नाही म्हणून चहाचे पैसे देऊ लागले. ते घेईनात. "ताई, चहा रिश्त्याचा होता," म्हणाले, आणि मग त्यांनाच ते जरा अवघड वाटलं असावं.

दुपारी बाजारातल्या एका खानावळीत जेवलो. सदाने सुरमईची थाळी घेतली. सोलकढी ताजी होती, तांदळाच्या भाकरी पातळ. पनवेलला गेलात तर मासे खा, माझ्यासारखं वरण-भातावर येऊ नका. शालिनीताईंनी सगळ्यांना आग्रहाने वाढायला लावलं आणि स्वतः काही खाल्लं नाही. निघताना त्यांनी वृंदाच्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस ठेवला. वृंदा वाकून पाया पडली. त्या बाईंबद्दल तिच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि माझ्याही मनात फारसं राहिलं नाही. आधीच्या बेतात शिरढोणला जायचं होतं, एका क्रांतिकारकाचं जन्मगाव म्हणून सदाला पाहायचं होतं. मी बेत रद्द केला. सदा म्हणाला, "देशासाठी लोकांनी प्राण दिले आणि मी दोन टॉवेल गुंडाळून उभा राहिलो." त्याला तिथे न नेल्याची मला आता थोडी खंत वाटते.

परतीच्या बसमध्ये जागा पनवेल स्थानकावरच मिळाली. घाट चढताना सदा झोपला. मी वृंदाला म्हटलं, "उंचीचा एवढा बाऊ करू नकोस. तुझे वडील माझ्यापेक्षा बुटके होते."

"मी कुठे करतेय? मला पाच तीनही चाललं असतं." ती खिडकीबाहेर बघत होती. "फोटो बघूनच अंदाज आला होता मला. एकातही ते कुणाच्या शेजारी जमिनीवर उभे नाहीत. मला वाटलं, लाजत असतील. विचारलं की सांगतील."

"आणि राजीनामा?"

"कसला?" ती म्हणाली.

घरी आलो तो रविवार. सोमवारी ती नेहमीच्या वेळेला बँकेत गेली. ऑक्टोबर संपला. आम्ही पनवेलला काहीच कळवलं नाही, कारण जॅकेट त्यांनी थांबवलं होतं, बोलायची पाळी त्यांची होती. नकार नेहमी मुलाकडूनच यायला हवा, नाहीतर चार घरांत मुलीचं नाव होतं, ही आणखी एक रीत. त्या वेळी मला ती सोयीची वाटली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शालिनीताईंचा फोन आला. आवाज ओला होता. खूप वेळ त्यांनी साताऱ्याच्या थंडीची चौकशी केली. मग म्हणाल्या, "प्रसन्न नको म्हणतोय हो. मुलगी चांगली आहे, सगळं चांगलं आहे. पण त्याच्या मानाने जरा उंच पडते म्हणतो."

"किती उंच?" मी विचारलं.

फोनमधून मागे कुकरची शिटी ऐकू आली.

"दोन इंच," त्या म्हणाल्या.

पाच पाचातून दोन गेले किती, हे मला हिशोब न करता कळलं. त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण पलीकडून फोन ठेवला गेला. मी परत लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातून खरं माप बाहेर आलं होतं, आणि ते त्या बाईंनी किती जड मनाने दिलं हे मला ऐकू आलं होतं.

पनवेलने आम्हाला काय दिलं, याचा विचार मी अधूनमधून करते. जॅकेट नाही, जावई नाही, शिरढोणही राहिलं. चामडं कसं पाहावं ते मला आधीच येत होतं. माणूस कसा पाहावा ते मात्र मी माहितीपत्रकावर सोडलं होतं, आणि ते काम एका अरुंद दुकानात, मामाच्या अंगावर, मुलीने स्वतः केलं.

त्या संध्याकाळी वृंदा जेवत होती. "कुणाचा होता?" तिने विचारलं.

"पनवेलचा. नाही म्हणतायत. म्हणे, तू उंच आहेस."

"आहेच मी," ती म्हणाली, आणि तिने ताट पुढे करून अजून थोडा भात मागितला.